एका उंटावरचं घर

मी एक वासा बोलतोय. सरळ असतो तर कदाचित ठामपणे बोललो असतो. पण मी वाकडा आहे, मुद्दाम वाकवलेला, आणि त्यामुळे असेल, माझं बोलणंही वळसे घेत जातं. सांगतोय ते सगळं बरोबरच असेल असं नाही. सांभाळून घ्या.

माझा जन्म जमिनीखालचा. मी बाभळीचं मूळ होतो. दर्मीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आणि तिच्या आईनं मला खणून काढलं, ओला असतानाच दोन खुंट्यांमध्ये अडकवलं आणि वर दगड ठेवले. वाळल्यावर दगड काढले तर मी धनुष्यासारखा झालेलो, जरा जास्तच.

"हा फारच वाकला की गं," दर्मी म्हणाली.

"राहू दे. मागच्या बाजूला लाव," आई म्हणाली.

केनियाच्या वाळवंटात उंट घेऊन फिरणाऱ्या आम्हा गब्रा लोकांत घर बाईचं असतं. मुक्कामाला वासे रोवायचे, माथ्यावर एकमेकांना बांधायचे, वर चटया आणि कातडी घालायची, की झालं घर. निघायच्या दिवशी बाई ते उतरवते. मग तेच वासे उंटाच्या पाठीवर खोगीर होतात आणि त्याच चटया त्याखालची गादी. घर न्यायला वेगळं काही लागत नाही. घरच घराला घेऊन जातं. मी अर्धं आयुष्य छप्पर म्हणून काढलं, अर्धं खोगीर म्हणून, आणि यातलं माझं खरं काम कोणतं, हे मला अजून सांगता येणार नाही.

तरुणपणी दर्मीचा बोजा म्हणजे सगळ्या तांड्यात उठून दिसायचा. तिचे दोन उंट चालायला लागले की बाकीच्या बायका कौतुकानं, खरं म्हणजे जळून, बघत राहायच्या. वासे उंच उभारलेले, त्यांना कवड्यांच्या माळा, दुधाची भांडी सगळ्यांना दिसतील अशी बाहेर टांगलेली. माणसं प्रवासाला निघताना अर्धं सामान वाटेसाठी घेतात आणि अर्धं बघणाऱ्यांसाठी, असं मला तेव्हाच वाटायचं. पण तिला कोण सांगणार? आणि खरं सांगू, मलाही त्या उंचीवर मिरवायला आवडायचं.

मग मुलींची लग्नं झाली. लेकीचं घर उभं राहतं ते आईच्या घरातून. प्रत्येक लग्नात दर्मीनं आपले चांगले वासे आणि चटया काढून दिल्या, आणि घर दर वेळी आखडलं. प्रत्येक वेळी मला धास्ती वाटायची की आता मला देतील, आणि दिलं नाही की वाटायचं, मी देण्याच्या लायकीचाही नाही की काय? मग तिचा नवरा एलेमा गेला. मागे राहिलं एक छोटं घर, पण ओळीत पहिलं.

ही ओळ म्हणजे आमच्या वस्तीचा कणा. घरं एका रांगेत, मानानुसार. एलेमा सगळ्यात थोरला, म्हणून पहिलं घर त्याचं. तो गेल्यावरही दर्मीचं घर उभं आहे तोवर जागा त्याचीच. घर नसेल तर ओळ सरकते आणि ते नाव पुसलं जातं.

यंदा चल्बीच्या खाऱ्या मैदानाच्या कडेच्या विहिरी कडू झाल्या. मैदानापलीकडे हुर्रीच्या डोंगरावर वीज दिसली आणि म्हाताऱ्यांनी ठरवलं की उद्या सकाळी निघायचं. त्याच संध्याकाळी दर्मीचा धडधाकट उंट बसला तो उठलाच नाही. उरला म्हातारा करडा, ज्याच्यावर गेली काही वर्षं फक्त पाण्याची भांडी लादत असत. जादा उंट कुणाकडेच नव्हता.

तिचा मुलगा मोलू दारात येऊन बसला. बराच वेळ काडीनं जमीन उकरत होता.

"आई, एक बोलू?"

"बोल की. जमिनीला कशाला टोचतोयस?"

"घर इथंच ठेव. माझ्याकडे राहा. तुझ्या सुनेनं, तलासोनं, तुझी जागा पण ठरवलीय, चुलीजवळ."

"चुलीजवळ? मी काय मांजर आहे?"

"करडा म्हातारा झालाय, आई. तो घर घेऊन उठायचा नाही."

"म्हातारी तर मीपण झालेय. मला कधी उठता आलं नाही का?"

"आणि मैदानात बसला तर?"

मोलू वाईट मुलगा नव्हे. त्याला आई हवी होती, घर नको होतं. पण आईला त्या घरापासून वेगळं काढता येत नाही, हे त्याला कळत नव्हतं. मला मात्र भीती वाटत होती की तोच बरोबर असेल.

सकाळी तिनं घर उतरवलं. एरवी उतरवता उतरवताच लादत असे. आज तिनं सगळं जमिनीवर मांडलं आणि मधोमध बसून नुसती बघत राहिली. तांड्यातल्या बायकांचे उंट एकेक करून उठत होते. शेजारची कबाले आपल्या बोज्यावर शेवटची कवड्यांची माळ चढवत होती. तिच्या वाशांची टोकं आभाळाला लागली होती.

"दर्मी, अगं घर लादतेस की घराचं सुतक पाळतेस?"

"तुझं झालं ना? मग पाणी पी."

मग दर्मी उठली. सगळ्यात आधी तिनं कवड्यांच्या माळा काढल्या आणि गळ्यात घातल्या. बोज्याला उंची देण्यासाठी लागायच्या त्या जादा काठ्या तिनं बाजूला टाकल्या. घराला त्यांचा कधीच उपयोग नव्हता. झोपायची जाड कातडी एरवी सगळ्यात वर जायची, ती आज उंटाच्या पाठीवर खाली गेली. दुधाची भांडी बाहेर टांगण्याऐवजी लहान मोठ्याच्या पोटात बसवली, आणि सगळ्यात लहानात कॉफीच्या बिया आणि तुपाची डबी. पाण्याचं एकच भांडं काठोकाठ भरलं, म्हणजे आत पाणी हिंदकळणार नाही. जिथे फट दिसली तिथे चिंध्या कोंबल्या. आम्हा वाकड्या वाशांना तिनं एकाच्या कुशीत दुसरा असं निजवलं आणि करड्याच्या बरगड्यांना धरून दोन्ही बाजूंनी आवळलं. इतके दाटीवाटीनं आम्ही कधीच नव्हतो. श्वास घेणारा असतो तर गुदमरलो असतो.

चामड्याच्या वाद्या तिनं बांधण्याआधी भिजवल्या. पाणी घालवायचं नव्हतं, म्हणून किटलीतल्या उरलेल्या चहात.

"बघा गं बायांनो," कबाले ओरडली, "स्वतः उपाशी आणि वाद्यांना चहा पाजतेय!"

"वाळल्या की त्या आवळतील. तुझ्या जिभेलाही पाजू का थोडा?"

बायका खो खो हसल्या. पण बोजा तयार झाला तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. तो इतका बसका दिसत होता.

"हे घर आहे की जळण?" कबाले शेवटी म्हणालीच.

दर्मीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते शब्द लागले तिला. तिचाच बोजा सगळे बघायचे, ते दिवस मी पाहिले होते. तरी ती करड्यापाशी गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ रे, राजा."

करडा कुरकुरला. मागचे पाय उचलले आणि थांबला. मी त्याच्या बरगडीला चिकटून होतो. आतलं काळीज कसं धडधडत होतं ते मला कळत होतं. मोलू धावत आला, पण दर्मीनं हातानंच त्याला अडवलं. करड्यानं एक मोठा उसासा टाकला, पुढचे गुडघे सरळ केले, आणि उभा राहिला.

"चला," दर्मी म्हणाली. जणू काही झालंच नव्हतं.

चल्बीच्या मध्यावर वारा सुटला. त्या खाऱ्या मैदानात वाऱ्याला अडवायला दुसरं काही नाही, फक्त आम्ही. उंच बोजे शिडासारखे फुगले. कबालेचा उंट आडवा चालायला लागला, मग बिथरून पळाला, आणि तिचं घर वाटेवर सांडत गेलं. एक चटई तर पक्ष्यासारखी उडाली. पाठोपाठ तलासोचा बोजा कलंडला. सगळा तांडा थांबला, उंट बसवले गेले, बायका पळापळ करू लागल्या. आमच्या वाद्या एव्हाना वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. मी मोडेन असं मला सारखं वाटत होतं, पण हलायलाच जागा नव्हती, तर मोडणार कसा?

"आई, थांब!" मोलू ओरडला.

"हा बसला तर उठायचा नाही, तूच म्हणालास. मी पुढे होते!"

आणि ती चालत राहिली. मागे वळून न बघता, गळ्यातल्या कवड्या वाजवत.

हुर्रीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. दर्मीनं जमीन बघितली, पाणी कुठून वाहील ते बघितलं, दार पश्चिमेला धरलं आणि आम्हाला रोवलं. माणसं दिसू लागली तेव्हा घर उभं होतं, चूल पेटली होती आणि तुपात कॉफीच्या बिया तडतडत होत्या. करडा दाराशी बसून रवंथ करत होता.

तांड्याचे म्हातारे उतरले. धुळीनं पांढरे झालेले, वैतागलेले.

"ओळ कुठून धरायची?" एकानं विचारलं.

कबाले तुटलेल्या वाद्या हातात घेऊन उभी होती. केस विस्कटलेले, आवाज बसलेला.

"कुठून म्हणजे?" ती त्याच्यावर खेकसली. "डोळे आहेत ना? एलेमाच्या घरापासून."

मोलूनं आपला उंट घराच्या उत्तरेला नेला आणि बसवला. त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा. बघता बघता सगळी ओळ आमच्यापासून मोजली गेली. दर्मी दारात उभी राहून बघत होती. आणि मी पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा सगळे तिच्या घराकडे बघत होते आणि त्यावर एकही माळ नव्हती.

नंतर ती तिखट आवाजात म्हणाली, "कबाले, उभी काय राहिलीस? आत ये. कॉफी करपतेय."

मी आता माथ्याजवळ बांधलेला आहे, धुरानं काळवंडतोय. घर आणखी लहान होईल, मला ठाऊक आहे. आणि एक दिवस मी खरोखरच जळण होईन. तुम्ही कुठे निघणार असाल तर एकदा सगळं सामान जमिनीवर मांडून थोडं बसा. जे फक्त दिसण्यासाठी आहे ते काढा, आणि उरलेलं एकमेकांच्या कुशीत निजवा. मी मोठा जाणकार नाही, चुकतही असेन. पण त्या वाऱ्यात मी होतो, एवढं मात्र खरं.

बरं, थांबतो आता. कातड्यावर थेंब वाजायला लागलेत. पाऊस आलाय, आणि मला काम आहे.