रंगमंचाची थरथर

बाईंनी रंगमंचाच्या पुढच्या कडेशी टाच आपटली आणि व्यवस्थापकाकडे न बघताच म्हणाल्या,

"इथे. इथेच हलतं. सहा वर्षं सांगतेय."

"सहा वर्षं ऐकतोय," व्यवस्थापक म्हणाला.

सभागृहाचा व्यवस्थापक आणि तिथे नृत्य शिकवणाऱ्या बाई यांच्यात विस्तव जात नव्हता. बाईंनी विश्वस्तांकडे अकरा अर्ज केले होते: फळ्या थरथरतात, एखादी मुलगी पडेल, या माणसाला काढा. त्याने दोनदा फळ्या उचकटून सुताराकडून तपासून घेतल्या, तर बाईंनी सुतारालाच त्याचा मिंधा ठरवलं. शेवटी विश्वस्त कंटाळले. मोजणी करा म्हणाले. मंच सदोष निघाला तर व्यवस्थापकाने घरी बसायचं, नाही निघाला तर बाईंनी लेखी माफी मागायची.

त्यासाठी आलेली तंत्रज्ञ मुलगी दोन दिवस मंचाखाली सरपटत फळ्यांना खालून केसाएवढी काचेची तार चिकटवत होती. तारेतून प्रकाश जातो. फळी जिथे वाकते किंवा थरथरते तिथे तो बदलतो, आणि संगणकाच्या पडद्यावर तशी रेघ उमटते, एवढं तिने दोघांना वेगवेगळं समजावून सांगितलं होतं. एकत्र ऐकायला दोघं तयार नव्हते.

आधी बारा मुलींनी एकदम उड्या मारल्या. रेघ उसळली आणि लगेच शांत झाली.

"फळ्या चांगल्या आहेत," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

"ऐकलंत?" व्यवस्थापकाने विचारलं.

"नाचताना नाही हलत. स्थिर उभं राहिलं की हलतं." बाईंनी मुलींना घरी पाठवलं आणि ठरलेल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

रेघेला करवतीसारखे बारीक दाते फुटले. व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"दिसलं?" बाई म्हणाल्या.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "मॅडम, चार पावलं डावीकडे जाऊन थांबाल?"

बाई चालल्या तेव्हा दाते गेले. थांबल्या तशी नव्या जागी तेच दाते, तेवढेच, सेकंदाला पंधरा.

"सर, आता तुम्ही तिथे उभे राहा."

बाई मंचावरून खाली उतरल्या आणि तो उभा राहिला. रेघ सरळ.

व्यवस्थापकाला हसू फुटणार होतं. पुराव्यासकट जिंकलो, असं वाटलं त्याला. मग त्याची नजर खाली उभ्या असलेल्या बाईंच्या पायांकडे गेली. पोटऱ्यांचे स्नायू कातडीखाली थरथरत होते, चालू यंत्रावर हात ठेवावा तसे. बाईही तिकडेच बघत होत्या.

"बाहेर कुठे होतं का असं? रांगेत वगैरे?" मुलीने हळूच विचारलं.

"तुझं काम फळ्या मोजायचं."

"हो. अहवालात फळ्यांचंच लिहीन. पण डॉक्टरांना दाखवा, मॅडम."

बाई तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या, आणि तो मागोमाग गेला.

"विश्वस्तांना पत्र लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

"काय लिहू?"

"सहा वर्षं तोंडाने म्हणत होतात तेच. बाई खोटं बोलते, भांडायला निमित्त शोधते."

"बाई, डॉक्टरांचं—"

"आजारी आहे कळलं तर उद्या मला मंचावर पाऊल ठेवू देणार नाहीत. भांडखोर आहे म्हटलं तर नुसती माफी मागायची. मागेन."

"बसा तरी."

"तुमच्या खुर्चीत? नको."

तो टंकायला लागला. बाई खिडकीपासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. या खोलीत त्या कधीच एका जागी थांबल्या नव्हत्या. तो त्यांचा तोरा आहे असं त्याला वाटायचं, आणि घरी त्याने बायकोला त्याची नक्कलही करून दाखवली होती.

बाईंनी जाता जाता त्याच्या खांद्यावरून वाचलं. "'गैरसमजातून' कशाला? 'निराधार' लिहा. आणि हेतुपुरस्सर."

त्याने शब्द खोडला आणि 'निराधार' लिहिलं. थोडा वेळ बोटं तशीच ठेवून बसला. मग कागद छापला, सही केली आणि पुढे केला.

बाईंनी तो चालता चालता वाचला.

"हेतुपुरस्सर राहिलं."

"जागा पुरली नाही," व्यवस्थापक म्हणाला.

पत्र पाच ओळींचं होतं. खाली अर्ध्याहून जास्त कागद कोरा होता. बाईंनी त्या कोऱ्या भागाकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि दाराकडे वळल्या.

"उद्या वर्ग पाचला आहे. दिवे वेळेवर लावा. नेहमीसारखे उशिरा नकोत."

"लावतो," तो म्हणाला.