कारिपबेकची डुगडुगती पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. उंचीने माणसाच्या खांद्याला लागेन. एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. किर्गिझ डोंगरातल्या अक-बुलाक गावच्या लोहाराने एका मोडक्या ट्रकच्या आसापासून मला घडवले. तेव्हा शेती सगळ्यांची मिळून होती. मी पाट खोदले, गाडीएवढे धोंडे उलथून टाकले. "काय दणकट पहार आहे!" असे लोक म्हणत आणि संध्याकाळी मला पुसून ठेवत.

पुढे ती शेती मोडली. अवजारे ज्याच्या हाती लागली त्याची झाली आणि मी कारिपबेकच्या वाट्याला आले. या गृहस्थाने मला कोणते काम दिले असेल? खुराड्याचे दार बंद राहावे म्हणून त्याला टेकून उभे राहण्याचे! किती वर्षे मी कोंबड्यांची कलकल ऐकली. पुढे डोंगरावर कारिपबेकची बडबड ऐकली, तेव्हा कोंबड्या बऱ्या वाटल्या.

कारिपबेक आयुष्यभर बस चालवून घरी बसलेला माणूस. त्याची आई, तोतुया-आपा, वरच्या वाडीत राहायची. तिच्याजवळ होती तिची धाकटी सून बुरुलचा. नवरा वारल्यावरही ती सासूला सोडून गेली नव्हती. वाडी आणि गाव यांच्यामध्ये लाल चिकणमातीचा एक उभा चढ होता. पाऊस झाला की तिथे बकरीचाही पाय टिकत नसे. बुरुलचा पिठाची पोती पाठीवर घेऊन तो चढ चढायची. आपा मात्र एकदा तिथे घसरली आणि त्यानंतर कित्येक वर्षे खाली आलीच नाही.

मग कारिपबेकच्या मुलाचे लग्न ठरले. आजीचा आशीर्वाद नाही तर लग्न कसले? कारिपबेक वर गेला आणि हात चोळत परत आला. आपाने त्याला सुनावले होते, "मला घोंगडीत गुंडाळून मेंढीसारखं उचलून न्यायचं नाही, सांगून ठेवते. पायऱ्या बांधा. मी माझ्या पायांनी येईन."

झाले! गावाने अशर पुकारला. अशर म्हणजे सगळ्यांनी मिळून, एक पैसा न घेता करायचे काम. पहिल्या दिवशी निम्मे गाव लोटले. कारिपबेकने मला खुराड्यावरून उचलले, तेव्हा मला वाटले, आपले दिवस पालटले.

कसले पालटतात! मित्रांनो, एवढी माणसे जमली आणि दुपारपर्यंत एक दगड हलला नाही. पायरी किती उंच असावी यावर वाद. वाट सरळ न्यावी की वळवावी यावर वाद. मधूनमधून चहा. मी मातीत रोवलेली, आणि माझ्यावर टोप्या टांगलेल्या.

शेवटी वरून बुरुलचा उतरली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाइके, चहा संपला असेल तर एखादा दगडही उचलायचा का?"

बाइके म्हणजे थोरले दादा; कारिपबेक तिचा थोरला दीर. तो फुरंगटला. "आखणी चाललीय. तुम्हा बायकांना घाई फार."

"घाई मला नाही. लग्न तुमच्या पोराचं आहे."

सगळे हसले आणि काम सुरू झाले. पण पुढच्या रविवारी माणसे कमी झाली आणि त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. कुणाची गाय व्यायली, कुणाचे गवत कापायचे राहिले. उरलेल्यांनी मात्र जीव ओतला, हे मी मान्य करते. डोंगरात खाच खणायची, जड दगड पहारेने रेटत आणायचा, वरच्या पायरीचा भार खालच्या पायरीच्या पाठीवर टेकवायचा आणि सांदीत चिपा ठोकायच्या. तळहातांना फोड आले तरी बुरुलचाने मला खाली ठेवले नाही.

आता ऐका कारिपबेकची गोष्ट. त्याला मधल्या वळणावर एक देखणा, सपाट दगड सापडला. "ही पायरी माझी," म्हणून त्याने तो स्वतः बसवला. दगड डुगडुगत होता. मी त्याच्याखालीच होते, मला कळणार नाही? तेवढ्यात खालून पुलावाच्या कढईचा वास आला. कारिपबेकने मला ओढून काढले, दगडाखाली दोन मुठी चिखल कोंबला आणि म्हणाला, "सुकला की बसेल घट्ट." मला तोंड असते तर मी ओरडले असते! त्यानंतर माझी रवानगी पुन्हा खुराड्याकडे झाली.

लग्नाचा दिवस उजाडला. पुढचे मी बुरुलचाच्या तोंडून ऐकले. आपा तिकडच्या म्हाताऱ्या बांधतात तसे पांढरेशुभ्र मुंडासे बांधून, काठी टेकत, एकेक पायरी उतरत होती. कारिपबेक आणि चार पाहुणे तिला आणायला गेले होते. मधल्या वळणावर तिने पाय ठेवला आणि दगड कलंडला. बुरुलचाने झटकन दंड धरला म्हणून निभावले. आपा मागे सरली, वरच्या पायरीवर बसली आणि काठी आडवी धरली.

"ही कुणी बसवली?"

सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले.

"आपा, जरासं हलतंय," कारिपबेक म्हणाला. "चालायचंच."

"मग मीही जराशीच पडले असते, नाही का?"

"लग्न होऊ दे. उद्या बघतो."

"बरं. मग आशीर्वादही उद्याच देते."

खाली नवरानवरी ताटकळलेली, पाहुण्यांसाठी शिजवलेले मांस निवत चाललेले, आणि ही म्हातारी ढिम्म! कारिपबेक धावत खाली आला आणि त्याने मला उचलले. खुराड्याचे दार सताड उघडले आणि सगळ्या कोंबड्या लग्नाच्या मांडवात! कुणी पुलावात, कुणी नवरीच्या झग्याखाली. मागे बायका किंचाळत होत्या आणि मी त्याच्या खांद्यावरून वर चालले होते. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

वर पोचल्यावर कारिपबेकने नवा कोट काढला. मी दगड उचलून धरला. बुरुलचाने सुकलेला चिखल उकरून काढला, खाली चपटे दगड रचले, फटींत चिपा ठोकल्या. आपा उठली. तिने त्या पायरीवर एक पाय आपटला, मग दुसरा. दगड हलला नाही. ती काठी टेकत खाली गेली आणि नातवाला, नातसुनेला तिने मनापासून आशीर्वाद दिला.

आणि मी? मला तिथेच गवतात टाकून सगळे जेवायला पळाले. रात्रभर दवात भिजले.

सकाळी कारिपबेकसोबत आपा वर परतताना तिची काठी माझ्यावर खणकन वाजली.

"कारिपबेक, कालच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलंस. हिला निदान पुसायचं तरी!"

त्याने मान खाली घालून रुमालाने मला पुसले. आपाने मला त्याच्याच खांद्यावरून वाडीत आणवले. आता मी बुरुलचाच्या पडवीत असते. ती मला मेंढीची चरबी चोळते. कारिपबेक आईला भेटायला येतो. त्या वळणावर तो दर वेळी थांबतो आणि दोन्ही पायांनी पायरी दाबून पाहतो, असे बुरुलचा हसत सांगते.

मित्रांनो, चांगल्या कामाला तुम्ही उत्साहाने जमता, याचे मला कौतुक आहे. पण दगड बसवलात की त्यावर आधी स्वतः उभे राहून पाहा. तुमच्या मागून येणारे माणूस तोतुया-आपासारखे अडून बसेलच असे नाही. ते मुकाट्याने पडेल.