खोल खिशातला निळा पट्टा

मित्रांनो, माझ्या बाह्यांवर अडतीस डिसेंबरांचे केस आहेत: कुत्र्यांचे, मांजरांचे आणि एकदा एका बदकाचं पीस. मी सांताक्लॉजचा जुना लाल डगला आहे. चर्चच्या मखमली पडद्यातून मला शिवलं आणि बिस्किटं ठेवायला मुद्दाम कोपरभर खोल खिसे दिले. त्या खिशांचा मला फार अभिमान होता.

नाताळाआधीच्या शनिवारी मला हॅरल्ड घालायचा. हा निवृत्त बसचालक. लोक आपापलं जनावर आणून त्याच्या मांडीवर बसवायचे आणि मार्लिस फोटो काढायची. गावाबाहेरचा निवारा तीच चालवते. फोटोंच्या पैशांवर तिथल्या बेवारस जनावरांचा हिवाळा निघायचा. "हॅरल्डराव, पोट आत घ्या, कुत्रं दिसत नाहीये," असं ती म्हणाली की रांग हसायची. सगळे माझं कौतुक करायचे. बाकीचे अकरा महिने मी निवाऱ्यातच, कोठारातल्या खोक्यात पडून.

दोन वर्षांपूर्वी कर्स्टन नावाची आई आपल्या लेकीला, ब्रिटाला, आणि वॅफल या कुत्र्याला घेऊन आली. वॅफल लहानसा, तपकिरी आणि इतका झिपरा की गळ्यातला पट्टा केसांत दिसतच नव्हता. फक्त त्यावरचा बिल्ला फ्लॅशमध्ये चमकत होता. मायलेकी टेबलाशी फोटोची चौकट निवडत होत्या. मार्लिसने पट्टा काढला, लाल फीत बांधली आणि पट्टा माझ्या खिशात टाकला. फोटो सुरेख आला. रांग मोठी होती, त्या गडबडीत मार्लिस पट्टा विसरली. ब्रिटाने वॅफलला कडेवर घेतलं आणि त्या गेल्या. पट्टा माझ्याकडेच राहिला.

बाहेर बर्फ काढणारी गाडी धडधडत आली. वॅफल बिचकला आणि ब्रिटाच्या हातातून सुटला. अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी शोधलं. मग माझी घडी घालून मला खोक्यात ठेवलं. खिसे कोणी पाहिले नाहीत.

नवव्या दिवशी कोणीतरी चिखलाने माखलेलं, लंगडणारं कुत्रं निवाऱ्यात आणून सोडलं. केसांच्या गाठी सुटेनात, म्हणून त्याला पूर्ण भादरावं लागलं. मार्लिस त्याला टकल्या म्हणू लागली. पण वास काही भादरता येत नाही. खोक्यात पडल्या पडल्या मी त्याला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी कर्स्टनचा फोन आला. मार्लिसचे हात साबणाचे होते. तिने फोन फळीवर ठेवून आवाज मोठा केला.

"झिपरा आहे, गळ्यात निळा पट्टा," कर्स्टन म्हणाली.

"पट्टा असलेलं एकही आलं नाही हो. आलं असतं तर मीच नंबर फिरवला असता."

तो आवाज ऐकून टकल्या जाळीवर पुढचे पाय टेकून उभा राहिला आणि जीव तोडून भुंकू लागला.

"बिचारी किती ओरडतात," कर्स्टन म्हणाली. "असो. बिल्ल्यावर नंबर आहे म्हणून धीर आहे. कोणीतरी करेलच फोन."

"गप रे टकल्या," मार्लिस म्हणाली.

तो नंबर त्यांच्यापासून चार हातांवर होता, माझ्या खिशात. मित्रांनो, मला बाह्या आहेत, पण हात नाहीत.

जानेवारीत उत्तरेकडचं एक कुटुंब टकल्याला घेऊन गेलं. पुढच्या डिसेंबरात हॅरल्डने मला अंगावर चढवलं, बिस्किटासाठी खिशात हात घातला आणि निळा पट्टा बाहेर काढला. मार्लिसने बिल्ला वाचला आणि टकल्या कोण होता ते तिला उमगलं. त्या दिवशी पहिला फोटो एक तास उशिरा निघाला.

उत्तरेकडच्या घरात एक आजारी मुलगा आता वॅफलला बिलगून झोपतो. मार्लिसने फोन केला तेव्हा त्या घरातले कळवळून म्हणाले, तुम्ही सांगाल तसं करू. कर्स्टन ब्रिटाला घेऊन आली. मार्लिसने काही न लपवता सगळं सांगितलं. ब्रिटाने कितीतरी वेळ पट्टा बोटांवर फिरवला.

"तो तिथे रडतो का?" तिने विचारलं.

"नाही गं, राणी."

"मग हा त्यालाच पाठवा. पण आमचा नंबर खोडू नका. पुन्हा हरवला तर?"

मार्लिसला मान वर करता येईना.

आता प्रत्येक जनावर आपल्या पट्ट्यासकट फोटोत येतं, बिल्ला चमकला तर चमको. आणि माझे खिसे मार्लिसने स्वतःच्या हाताने शिवून टाकले. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्या गळ्यातलं नाव क्षणभरासाठीही काढू नका. काढलंच, तर ते परत बांधेपर्यंत दुसरं काही हातात घेऊ नका. शिवलेल्या खिशांवर कुत्री अजूनही नाक घासतात, बिस्किटं शोधतात. मी त्यांना काहीच देऊ शकत नाही.