वरच्या टोकाची फुली

लाइलने विमान डावीकडे कलतं केलं आणि पुन्हा एकदा खाली पाहिलं. डोकं काही चालेना. ऑरिनच्या धावपट्टीवर फुली होती. पांढऱ्या ताडपत्रीच्या दोन लांब पट्ट्यांची, दोन मैलांवरून दिसेल अशी. फुलीचा अर्थ आयडाहोच्या या डोंगरांत उडणाऱ्या कुणालाही विचारा, एकच सांगेल: पट्टी बंद आहे, मुकाट्याने माघारी फिरा. त्यात न कळण्यासारखं काही नाही. पण ही फुली वरच्या टोकाला होती.

ऑरिनची पट्टी म्हणजे नदीकाठचं एक उतरतं कुरण. वरच्या बाजूला कडा सरळ भिंतीसारखा उभा, त्यामुळे उतरायचं ते खालच्या टोकाने, चढावर धावत. आणि उडायचं ते वरच्या टोकावरून, उतारावर सुटत. येणाऱ्याला अडवायचं असेल तर फुली खाली टाकतात. वर टाकलेल्या फुलीचा अर्थ काय लावायचा? यायला हरकत नाही, पण जायला बंदी? पाहुणचाराची ही तऱ्हा लाइलने जन्मात पाहिली नव्हती.

बरं, फुलीच्या मागे ऑरिनचं जुनं पिवळं विमान नाक उताराकडे करून उभं होतं, आणि आत ऑरिनच बसला होता. तसली लाल टोपी दुसरा कुणी शहाणा माणूस डोक्यावर घेणार नाही. रेडिओवर चार हाका मारून झाल्या, उत्तर नाही.

रागावला की काय म्हातारा? गेल्या रविवारी न्याहारीला धिरडी खाताना लाइल त्याच्या कुत्र्याला लठ्ठ म्हणाला होता. पण त्यावरून कुणी ताडपत्री अंथरतं? पट्टी खासगी. मालकाची मर्जी असेल तर उतरायचं, नसेल तर वरूनच रामराम. पण याच पट्टीवर ऑरिनने त्याला उडायला शिकवलं होतं. इथे त्याला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

नदीचं शेवटचं वळण आलं. ते ओलांडलं की पुढच्या अरुंद घळीत परत फिरायला जागा नाही. म्हाताऱ्याला काही झालं असलं तर, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याने विमान खाली घेतलं. चाकं गवतावर आपटली, चढावर वेग मरत गेला आणि फुलीच्या अलीकडे विमान थांबलं.

तोवर ऑरिन तरातरा चालत आलाच होता.

"बघ! बघ काय करून ठेवलंय! माझ्या पट्टीवर, मला न विचारता!"

"कुणी?"

"ते कळलं असतं तर त्याला नदीत बुचकळून काढला नसता? सकाळपासून बसलोय वाट बघत. येऊन उचलेल तर मी उडेन."

"मग तुम्हीच टाका की उचलून, उस्ताद. पट्टी तुमची आहे."

ऑरिनने त्याच्याकडे असं पाहिलं, की लाइल पुन्हा शिकाऊ झाला.

"दुसऱ्याची फुली उचलू? हेच शिकवलं का रे तुला? खड्डा आहे की तार पडलीय, ते टाकणाऱ्याला ठाऊक. ज्याने टाकली त्यानेच उचलायची."

नियम खरा होता. या डोंगरांत लोक एकमेकांचं कुंपण तोडतील, सरपण पळवतील, पण दुसऱ्याच्या फुलीला हात लावणार नाहीत.

"पण तुम्ही निघाला होतात कुठे?"

ऑरिनने तोंड उघडलं, मिटलं. पिवळ्या विमानाकडे पाहिलं, मग कड्याकडे.

"कुठे म्हणजे? काहीतरीच विचारतोस. जा, थेल्मा कॉफी देईल."

ऑरिनची बायको थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. कॉफी तिने ओतली नाही.

"त्यानेच टाकली," ती हळू आवाजात म्हणाली. "काल दुपारी. इथून बघत होते मी. एकेक मेख ठोकत होता."

"कुणी? उस्तादांनी? अहो काकू, ते तर म्हणतायत..."

"त्याला आठवत नाही. मागच्या आठवड्यात गावाला म्हणून उडाला आणि भलत्याच्याच पट्टीवर उतरला. त्यांच्या ओसरीवर बसून विचारत होता, माझं घर कुणी हलवलं म्हणून. त्यांनीच विमानासकट आणून सोडलं. काल जरा डोकं ताळ्यावर होतं. मला म्हणाला, थेल्मा, किल्ली लपवून काही होणार नाही, मी तारा जोडून इंजिन सुरू करीन. मला अडवील अशी एकच गोष्ट आहे."

लाइल खुर्चीवर बसला. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं नाही. म्हाताऱ्याने स्वतःलाच चकवलं होतं. काल ज्याला अक्कल होती त्याने आज ज्याला नसेल त्याच्या वाटेत फुली टाकली होती, आणि आजचा तो तिकडे बसून कालच्याला शिव्या घालत होता. लाइलला त्याचा अभिमान वाटला.

"पण आता मला विचारत सुटलाय," थेल्मा म्हणाली. "आणि मला खोटं बोलता येत नाही, तो लगेच ओळखतो. त्याला कळलं ना, की फुली आपलीच आहे, तर मग संपलंच. स्वतःची फुली उचलायला त्याला कुणाची परवानगी लागते?"

लाइल बाहेर आला तेव्हा ऑरिन फुलीशी गुडघे टेकून एका मेखेकडे टक लावून पाहत होता.

"या माझ्या मेखा आहेत," तो म्हणाला. "माझ्या गोठ्यातल्या. लाइल, खरं सांग. ही मी टाकली का?"

आवाजात आता राग नव्हता. भीती होती, आणि ती लाइलला मुळीच सोसवेना.

"मी टाकली."

"तू? तू तर आत्ता आलास."

"काल येऊन गेलो. तुम्ही झोपला होतात."

इतकं भिकार खोटं त्याने शाळेतसुद्धा मारलं नव्हतं. विमानाच्या आवाजाला ऑरिन झोपेतून उठून इंजिन कुठलं ते सांगायचा.

"का टाकलीस?"

"तुम्ही उडू नये म्हणून."

ऑरिन उठला. गुडघे झटकायलाही विसरला.

"उचल."

"नाही उचलणार."

"पट्टी माझी आहे!"

"फुली माझी आहे, उस्ताद."

ऑरिनचा चेहरा टोपीसारखा लाल झाला. "मग चालता हो! पुन्हा या पट्टीला चाक लावायचं नाही! मी सांगतोय, मालक!"

लाइलने मान हलवली. मालकाचा शब्द तो शब्द. आणलेलं दूध आणि कुत्र्याचं खाणं त्याने गवतावर उतरवून ठेवलं. शेपटी धरून विमान उताराकडे वळवलं. उडायला पट्टी थोडी आखूड पडली असती, पण विमान रिकामं होतं, जमलं असतं. त्याने दाराची कडी उघडली.

"ए!"

ऑरिन गोठ्याकडून येत होता. त्याच्या हातात हातोडी आणि एक लांब मेख होती. लाइल जागीच थिजला. म्हातारा फुली उपटणार, की डोकं फोडणार?

"हा तुझा कोपरा सुटलाय," ऑरिन म्हणाला. "असली फुली बांधतात? एका वाऱ्यात उडून जाईल, आणि मागोमाग मी."

त्याने हातोडी पुढे केली. लाइलने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. याला कळलंय का? आठवलंय का? की खरंच लाइलच्या गबाळ्या कामाचा राग आलाय? त्या डोळ्यांतून काहीच कळलं नाही. लाइल गुडघ्यांवर बसला, कोपरा ताणला आणि मेख ठोकू लागला.

ऑरिन हात मागे बांधून उभा होता. ताडपत्रीला त्याने बोटही लावलं नाही.

"आणखी खोल," तो म्हणाला. "मी ओढली तरी निघता कामा नये, इतकी खोल."

लाइल ठोकत राहिला.