आक्काचं भाजलेलं मीठ

बयाआक्काच्या पत्राला हंबीररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. शिरोळहून पत्र आलं ते आषाढात. आता गणपतीही उठले होते. थोरल्या बहिणीनं विचारलं होतं एवढंच: 'डॉक्टरांनी रक्तदाबापायी मीठ तोडलंय. अळणी घास घशाखाली उतरत नाही. शेजारीण म्हणते, खडेमीठ तव्यावर भाजून घेतलं की बाधत नाही, उलट अंगाला गुण येतो. तू एवढा वाचणारा. खरं काय ते कळव.'

हंबीरराव पुस्तकं काढून बसले आणि तिथंच अडकले. घरगुती औषधांच्या एका पुस्तकात भाजलेल्या मिठाचं कौतुक होतं. पोट हलकं राहतं, कफ सुटतो. दुसऱ्यात लिहिलेलं, मीठ कसंही घ्या, मीठच. आपण कोण निवाडा करणार? उभा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. चुकीचं सांगितलं तर? आणखी एक पुस्तक बघू, मग लिहू, असं करता करता पत्र मागं पडलं.

आज सकाळी भाचीचा, संयोगिताचा फोन आला.

"मामा, आईचं पाय सुजल्यात. चार पावलं टाकली की दम लागतोय."

"मीठ बंद आहे ना तिचं?"

"कसलं बंद! भाजलेल्या मिठाची बरणीच घिऊन बसती जेवायला. पयल्यापरास जास्त खाती. बोलाय गेलं तर म्हनती, हंबीराला इचारलंय, वाईट असतं तर त्यानं कळवलं असतं की."

हंबीरराव घाईघाईनं म्हणाले, "तू सांग ना, मामा नको म्हणाला म्हणून."

"माझं ऐकती व्हय ती? आनि फोनवर तिला ऐकू येत न्हाय. मी आत्ता दवाखान्यात नेतेच, पर घरी आल्यावर पुन्हा बरणी काढंल. तुमच्या हातचं पायजे तिला. दोन वळी लिवायला काय घागरभर शाई लागती?"

त्यांनी कागद घेतला. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' लिहिलं, खोडलं. 'असं म्हणतात की' तेही खोडलं. मग एका दमात लिहिलं:

'आक्का, भाजल्यानं मिठातलं पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं. ते तुला बाधतंय. बरणी आजच उचलून ठेव. डॉक्टर सांगतील तसंच वाग. माझ्या गप्प बसण्याला होकार समजू नकोस. मला लिहायचा धीर झाला नव्हता.'

"शिरोळला उद्या पोचेल?" पोस्टाच्या खिडकीत त्यांनी विचारलं.

"स्पीड पोस्टनं पोचंल की. द्या आजोबा."

पाकीट त्यांच्या हातून सुटेना. शेवटी खिडकीतल्या बाईंनीच ते ओढून घेतलं आणि शिक्का मारला.