थंडोबांनी राग निववला

कारखान्यात सगळे त्यांना थंडोबा म्हणत आणि त्यांना ते कौतुक वाटे. प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकायचा त्यांचा धंदा. इथे तापट माणसाचा निभाव लागत नाही, हे ते प्रत्येक नव्या ग्राहकाला न विचारता सांगत. भांडं फुंकून झालं की निववणीच्या भट्टीत ठेवायचं आणि आच थोडी थोडी उतरवत न्यायची. घाईने दार उघडलंत तर काच वरून गार होते, आत मात्र ताण धरून बसते आणि पुढे कधीतरी नुसता चमचा लागला तरी तडकते. काच जितकी जाड, तितका धीर जास्त. एवढं ज्ञान पदरी असल्यावर संसारात आणखी काही शिकावं लागत नाही, असा त्यांचा समज होता.

त्यांची बायको त्याच कारखान्यात बाटल्यांना काचेची बुचं घासून बसवी. हवेचा कणही आत जाणार नाही असं बूच बसवणं म्हणजे काही खायचं काम नाही. एकदा एका बड्या ग्राहकाने विचारलं, "या बाई काय करतात?"

"बायको माझी," थंडोबा म्हणाले. "असते आपली पुसापुशीला."

बाईंनी हातातलं बूच खाली ठेवलं आणि संध्याकाळी त्या दोन गल्ल्या पलीकडे धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या.

दुसरा कोणी असता तर मागोमाग धावला असता. थंडोबांना मात्र तिचा लालबुंद चेहरा आठवला आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला. राग चांगलाच तापलाय, शिवाय जाड आहे. आता दार उघडायचं नाही!

मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, येताय ना? ताई वाट बघतेय."

"बघू दे. निवू दे जरा."

"निवू दे काय? ती काय दूध आहे?"

"तुला त्यातलं नाही कळायचं," थंडोबा मायेने म्हणाले.

पुढे फोन कमी होत गेले. आच उतरतेय, असा त्यांनी अर्थ लावला. स्वतः करपवलेली भाजी गिळताना त्यांना आपल्या धीराचा अभिमान वाटे. खरं तर रिकाम्या घरात जीव नुसता कासावीस व्हायचा. ती परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण उतावीळपणा करून सगळं तडकवणं त्यांच्यासारख्या जाणकाराला शोभलं नसतं.

शेवटी उन्हाळा सरल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दार बाईंनीच उघडलं. रागाचा मागमूस नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा दिला, खोकला कसा आहे तेही विचारलं. थंडोबांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"चल मग," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरी."

"मी दुसऱ्या कारखान्यात लागलेय. बुचांचं सगळं काम माझ्याकडे आहे. जवळच खोलीही घेतलीय."

"पण तुझा राग तर गेला ना?"

"केव्हाच."

"मग?"

बाई हसल्या. अगदी मोकळं हसू होतं ते. "अहो, निवताना काच आकार बदलते का? ठेवली तशीच पक्की होते. वळवायची तर गरम असतानाच वळवायची. तुम्ही मला ठेवलंत इथे, मी झाले इथे पक्की."

थंडोबा ताडकन उठले. "चुकलो मी! तू पुसापुशीला नव्हतीस. तुझ्यावाचून माझी एक बाटली बंद झाली नसती!" आवाज चढला होता, कपाळाला घाम फुटला होता आणि डोळे भरून आले होते. इतके तापलेले थंडोबा आजवर कोणी पाहिले नव्हते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रिकामा कप उचलून त्या आत गेल्या.

मेहुणी दारापर्यंत सोडायला आली. "हे तेव्हा म्हणायचं होतंत, भाऊजी," ती म्हणाली. "पहिला आठवडाभर तिने आणलेली पिशवीसुद्धा उघडली नव्हती. माझेच कपडे घालायची. म्हणायची, ते येतीलच इतक्यात, पुन्हा कशाला भरत बसू?"