सुंदरमावशीची वेणी आणि आमेन

आष्टीच्या चर्चमध्ये शलोमीसारखी प्रार्थना कुणाला जमायची नाही. तिनं डोळे मिटले की पाळकसाहेबसुद्धा घड्याळ बघायचं विसरायचे. गेले तीन रविवार तिनं शेजारच्या सुंदरमावशीच्या मोडलेल्या हातासाठी अशी काही प्रार्थना केली होती, की मागच्या बाकावरच्या बायांनी डोळ्याला पदर लावला. मावशीला मात्र याचा पत्ताच नव्हता. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर शलोमी थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

मावशी उंबऱ्यावर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करायला आले."

"कर बाई. आमच्या देवाला न्हाई ऐकू आलं, तुझ्या तरी येतंय का बघ."

शलोमीनं डोळे मिटले नि सुरुवात केली. आकाश झालं, पृथ्वी झाली, डोंगर झाले. समुद्रापर्यंत पोचली तेवढ्यात मावशी म्हणाली, "लई लांब हाय का गं अजून?"

"कावून, काय झालं?"

"उद्या चौसाळ्याला आमच्या वनमालाच्या पोरीचं बारसं हाय. पहिली नात माझी! पण मी काय जात न्हाई." मावशीनं टॉवेल सोडला. महिनाभर पाणी नाही, फणी नाही. केसांचा पार गुंता झाला होता. "ह्या ध्यानात लेकीच्या सासरी जाऊ? तूच घालून दाखव बरं एका हातानं वेणी!"

शलोमीचे कान गरम झाले. तीन रविवार ती ह्या बाईसाठी देवाला विनवत होती, आणि दोन घरांत भिंत होती एकच!

दप्तर कोपऱ्यात भिरकावून तिनं चुलीवर पाणी ठेवलं. मग वाटीभर खोबरेल घेऊन गुंत्याला भिडली.

"आई गं! इंचर म्हनलं, उपटू न्हाई!"

"हलू नका, नाहीतर टक्कल घेऊन जाल बारशाला."

मावशी इतकी हसली की शलोमीच्या हातातून फणी उडाली. गुंता सुटला, शिकेकाईनं न्हाणं झालं, केस उन्हात वाळले, वेणी झाली. मावशीनं आरशात इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हां. आता म्हण तुझी राहिलेली."

शलोमीनं डोळे मिटले, तर समुद्राच्या पुढचं काही आठवेचना. "देवा, उद्या मावशीला गाडीत बसायला जागा मिळू दे."

"आमेन!" मावशी दणक्यात म्हणाली. "ही बरी हाय. कळली तरी."

चौसाळ्याला जायचं म्हणजे आधी बीड गाठायचं, आणि रविवारी सकाळी बीडच्या एसटीला ही झुंबड! प्लास्टरचा हात सांभाळत मावशी मागंच राहिली. शलोमीनं उपासनेसाठी इस्त्री केलेल्या ड्रेसची पर्वा न करता चाकावर पाय दिला, खिडकीतून हात घातला नि आपला रुमाल सीटवर टाकला.

"ओ, जागा धरलीय! प्लास्टरवाल्या मावशीची हाय!"

गाडी हलली तेव्हा सुंदरमावशी खिडकीत होती, वेणी ऐटीत पुढं घेतलेली.

"पोरी, तुझ्या देवानं ऐकलं गं!"

"ऐकलं ना!" धुळीमागं पळत शलोमी ओरडली. "पण रुमाल माझा हाय, मावशी. परत आणा!"